किल्लीचा दोरा

"याहून जास्त लागणारा शब्द आहे का, बाई?"

हर्षदानं वही पुढे सरकवली. पानावर चौदा शब्द होते. चौदाही इंग्रजी, चौदाही विशेषणं, आणि चौदाही एकाच माणसासाठी जमवलेली.

काळमेघबाईंनी वहीकडे पाहिलं नाही. त्यांच्यासमोर दगडी पाट्यावर उडदाच्या पिठाचा गोळा होता आणि हातात मुसळ होतं. त्यांनी गोळ्यावर एक घाव घातला. गोळा जराही दबला नाही.

"तेल लाव," बाई म्हणाल्या.

हर्षदानं तेलाचा हात फिरवला. बाईंच्या शिकवणीची रीतच तशी होती. बाईंनी पीठ कुटायचं, शिकणाऱ्यानं तेल लावायचं, आणि दोघींच्या मधे इंग्रजी. एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून बाई निवृत्त झाल्या, आणि घरी बसून कंटाळा येतो म्हणून अंगणात पापड सुरू केले. दुपारी तीनला बाया लाटायला येत. त्याआधीचा तास शिकवणीचा. गावात हसले लोक. बाईंना त्याचं काही नव्हतं.

"आता म्हण."

"स्टिफ. रिजिड. स्ट्रिक्ट. स्टर्न. सिव्हिअर. हार्श..."

"रेल्वे नको सोडू. एकेक घे. कशाले लावशील ते सांग."

हा बाईंचा दुसरा नियम. शब्द नुसता पाठ करून भागत नसे. डोळ्यांपुढच्या कशाला तरी तो लावून दाखवावा लागे.

"स्टिफ," बाई म्हणाल्या.

"माझे बाबा."

"स्टर्न?"

"बाबा."

"रिजिड?"

"तेही बाबाच."

बाईंनी मुसळ थांबवलं. "तुह्ये बाबा या अंगणात कुठं हायेत?"

 हर्षदानं नाइलाजानं इकडेतिकडे पाहिलं. स्टिफ हे पीठ, ती म्हणाली, कारण ते दबतं पण सहज दबत नाही. रिजिड हा पाटा. तो फुटेल, पण वाकणार नाही. सिव्हिअर हे पत्र्यावरचं ऊन. ऑस्टिअर म्हणजे बाईंची खोली, तिथे एक खाट, एक ट्रंक आणि एक माठ, बाकी भिंतीच भिंती. स्ट्रिक्ट ही शिकवणी.

"आन् स्टर्न?"

हर्षदानं बाईंच्या करड्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

बाई हसल्या. "लाव, लाव. एकतीस वर्षं लोकायनं लावला. मले सवय हाय."

"पण मला हे पिठाला आणि पाट्याला नाही लावायचे, बाई. मला ते बाबांना लावायचे आहेत."

त्याचं कारण बाईंना माहीत होतं. सगळ्या गल्लीलाच माहीत होतं.

गुरुवारी नागपूरला हर्षदाची मुलाखत होती. हैदराबादच्या एका कंपनीची. निवड झाली तर तिकडेच राहायचं होतं. कागदपत्रं मूळ आणा, असं कंपनीनं बजावलेलं. आणि मूळ कागदपत्रं घरच्या लोखंडी कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं. कुलपाची किल्ली बाबांच्या गळ्यात, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली. बापूराव इंगोले जिनिंग फॅक्टरीत भांडारावर होते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या वस्तूंना कुलपं लावून माणसाचा हात तसाच वळतो. ते घरी येऊनही कुलपंच लावत.

"नाही जायचं," एवढंच ते म्हणाले होते. का, ते सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून हर्षदानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. आज अकरावा दिवस. घरात माणसं दोनच, त्यातलं एक मुकं झालं. मुकं तरी कसलं म्हणा. बाबा ताटावर बसून "मीठ कमी आहे" म्हणाले, की ती भिंतीकडे बघून म्हणे, "हार्श." त्यांनी टीव्ही बंद कर म्हटलं, की ती म्हणे, "रिजिड." मग तिला दिवसभर बरं वाटे. बाबा खाली मान घालून जेवत राहत.

"त्याले इंग्रजी येते?" बाईंनी विचारलं.

"नाही. म्हणून तर..."

"म्हणून त काय?"

 उत्तर नाही सुचलं की हर्षदाला राग येई. तो आता आलाच.

"तुमच्याच वर्गात होते ना ते? दहावीला इंग्रजीतच उडाले."

"होता," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या बाकावर."

आणि पुन्हा कुटू लागल्या. घाव, तेल. घाव, तेल. हळूहळू गोळा ताणला की लांबायला लागला. बाईंनी त्याची मनगटाएवढी जाड वळकटी केली आणि पाटावर आडवी ठेवली.

"लाट्या कर. तीन वाजत आले."

हर्षदा रागात होती. कोनाड्यात सुरी होती, तिनं तीच उचलली आणि वळकटीवर दाबली. पीठ सुरीला चिकटलं. तिनं जोर केला तशी वळकटी चेपली, सुरी अर्ध्यात रुतली. उपसून काढली तेव्हा पात्यावर मूठभर पीठ आणि वळकटीला एक वेडंवाकडं भगदाड.

"सुरीनं नाही होत," बाई म्हणाल्या.

"मग?"

बाईंनी पदराखालून हातभर पांढरा दोरा काढला. शिवणकामाचाच. एक टोक त्यांनी हर्षदाच्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाला धरून वळकटीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. दोरा ताणला. वळकटीवर टेकवला. खाली दाबला.

दोरा पिठातून आरपार गेला. लाटी अलगद पडली. कडा गुळगुळीत.

हर्षदा बघत राहिली. जे सुरीला जमलं नाही ते या दोऱ्यानं केलं, हे तिला आवडलं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं.

बापूराव सायकल भिंतीला लावून आत आले. जेवणाची सुट्टी होती, अंगावर फॅक्टरीचा खाकी शर्ट होता. आधी त्यांनी बाईंना हात जोडले. मग मुलीकडे पाहिलं.

"घरी चाल."

हर्षदा हलली नाही.

"खाटेखाली बॅग भरलेली दिसली मले. घरी चाल, हर्षदा."

हर्षदा वळकटीकडे बघत म्हणाली, "सिव्हिअर."

बापूरावांचा चेहरा उतरला. ते बाईंकडे वळले. "बाई, तुमीच सांगा. अकरा दिवस झाले. हे रोज मले असंच काही म्हनते. शिव्या हायेत का ह्या?"

"नाही."

"मंग?"

"मले काहून विचारतोस? ते तोंड करून बसली हाय, तिलेच विचार."

"हर्षदा, काय म्हनतेस वं तू मले?"

 हर्षदाजवळ चौदा शब्द होते आणि त्यांतला एकही तिला आता या माणसाच्या भाषेत सांगवेना. इंग्रजीत किती सोपं होतं ते.

"सांग ना," बाई म्हणाल्या. "माह्याजवळ त लय बोलत होती."

हर्षदा आपलं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"बरं." बाई उठल्या. त्यांनी आपल्या हातातलं टोक बापूरावांपुढे धरलं. "धर."

"बाई, मले ड्यूटी हाय..."

"धर म्हटलं."

बावन्न वर्षांचा माणूस मुकाट्यानं खाली बसला आणि त्यानं टोक धरलं. बाईंपुढे त्याचं वय नेहमी पंधराच असे. हर्षदाला हसू आलं असतं, पण राग मधे आला. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला बाबा. बाई मधे बसून वळकटी बोट बोट पुढे सरकवू लागल्या.

दाब. लाटी. दाब. लाटी.

पाचव्या लाटीला बाई म्हणाल्या, "बापूराव, हात असा मिटून काहून धरला रे? तळवा उघड. दोरा बोटायनं धरायचा."

बापूरावांनी उजवा तळवा उघडला. लगेच पुन्हा मिटला.

बाईंनी ते पाहिलं. 

"मी मारलं होतं तुले. याच हातावर. नाही?"

"सात छड्या, बाई."

"कोणता शब्द चुकला होता?"

बापूराव आठवू लागले. खूप वेळ आठवत राहिले.

"शब्द नाई आठवत बाई. छड्या आठवतात."

 पत्रा उन्हानं तडतडत होता. बाईंनी वळकटी सरकवली नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून राहिले, आणि हर्षदानं पहिल्यांदाच त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. स्टर्न त्याला लागत नव्हता. बाईंना वाईट वाटत होतं आणि त्या ते लपवत नव्हत्या.

"चुकलं माह्यं," बाई म्हणाल्या. "उशीर झाला सांगायले."

बापूराव एकदम गांगरले. "असं नका बोलू, बाई..."

"तू गप. दोरा ताठ धर."

दाब. लाटी.

आणि हर्षदाला काय झालं कोण जाणे. वर्षभरापासून तिनं घरातली बोली टाकली होती. मुलाखतीत अडेल म्हणून ती बाजारातसुद्धा छापील मराठी बोले. ती सगळी छपाई एका दमात गळून पडली.

"मले नाही आठवणार, बाबा!"

बापूराव दचकले. अकरा दिवसांनी आवाज आला होता.

"तुमी काहून नाही म्हटलं ते मले नाही आठवणार. तुमी सांगितलंच नाही त आठवीन कसं? मले कुलूप आठवीन. फक्त कुलूप! माह्ये कागद हायेत ते. माह्यं नाव हाय त्याच्यावर, मी अभ्यास केला, रात्ररात्र मी बसली, आन् तुमी ते कपाटात कोंडले. मी चोर हाओ का तुमच्या घरातली?"

"हर्षदा..."

"मी गुरुवारी सकाळच्या गाडीनं नागपूरले जाऊन रायली. कागद देसान त कागद घेऊन. नाही देसान त तशीच!"

"तशी गेली त कोन उभं करीन तुले?"

"कोणी नको करू. मी उभी राहीन!"

आणि तिनं दोरा ओढला. सगळ्या अकरा दिवसांचा जोर त्यात होता. दोरा तट्कन तुटला. तिच्या हातात वीतभर आला, बाबांच्या हातात वीतभर राहिला, आणि मधली लाटी अर्धी कापलेली तशीच लोंबली.

हर्षदा हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. तिला जितकं हलकं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही.

"आता?" बाई म्हणाल्या. "रीळ सकाळीच संपलं. बाया येतील."

कोणाकडे दोरा नव्हता.

बाईंची नजर बापूरावांच्या गळ्याकडे गेली. "ते काय हाय?"

बापूरावांचा हात शर्टाच्या गुंडीवर गेला. "किल्ली हाय, बाई."

"किल्ली कोणी मागितली? मी दोरा मागून रायली."

बापूराव बसून राहिले. हर्षदानं श्वास धरला होता, आणि आपण तो धरलाय हे बाबांना कळू नये असं तिला फार वाटत होतं. तिनं किल्लीकडे बघितलं नाही. आता मागायचं नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं. मागून मिळालेलं नकोच होतं तिला.

शेवटी बापूरावांनी दोरा डोक्यावरून काढला. गाठ जुनी होती, सुटेना. नखांनी नाही सुटली, तेव्हा त्यांनी दातांनी सोडवली. किल्ली ओघळून बाहेर आली. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. एकदा खिशाकडे हात गेला, पण दोऱ्याचं टोक धरायला तोच हात हवा होता. मग त्यांनी ती पाटाच्या कडेला ठेवली, लाट्यांच्या शेजारी.

बाईंनी दोरा धुतला, तेलाच्या बोटांतून ओढला आणि एकेक टोक दोघांना दिलं.

दाब. लाटी.

नायलॉनचा दोरा होता. तुटण्यातला नव्हता.

चारपाच लाट्या झाल्यावर बापूराव बोलले. मुलीकडे न बघता, दोऱ्याकडे बघत.

"तू बोलत नव्हती ना अकरा दिवस... मी घरी यायचो, हातपाय धुवायचो, बसायचो. घड्याळाचा आवाज यायचा. मले वाटे, हे पोरगी गेल्यावर असंच राहीन घर. असंच. रोज."

दोरा थरथरला. कोणाच्या बाजूनं थरथरला ते सांगता आलं नसतं.

हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते पुसता आलं नाही, दोन्ही हातांनी तिनं टोक धरलं होतं. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत गेलं. वहीतल्या चौदांपैकी एकही शब्द तिला आठवत नव्हता, आणि आठवावा असंही वाटत नव्हतं.

पण मान खाली गेली नाही तिची.

"हे पहिल्याच दिवशी सांगाचं होतं, बाबा."

"हो."

"सांगितलं असतं तरी मी गेलीच असती."

बापूरावांनी वर पाहिलं. पोरीचे डोळे वाहत होते, आणि ती त्यांच्या नजरेला नजर देऊन बसली होती, ताठ. असं त्यांच्याशी अख्ख्या आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. त्यांनी स्वतः तर कोणाशीच नव्हतं बोललेलं.

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "म्हनून त नाई सांगितलं."

बाईंनी वळकटीचा शेवटचा तुकडा पुढे सरकवला. दाब. लाटी. पाट लाट्यांनी भरला.

बापूराव उठले. गुडघे झटकले. दोरा त्यांनी बोटांभोवती गुंडाळला, नीट, भांडारातला माणूस गुंडाळतो तसा, आणि खिशात टाकला. बाईंना हात जोडले. फाटकाकडे चालू लागले.

"बापूराव," बाई म्हणाल्या, "किल्ली राहिली."

ते थांबले. वळले मात्र नाहीत.

"दोरा घेतला, बाई."

सायकलचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. मग तोही गेला.

हर्षदानं किल्ली उचलली. तिला पीठ लागलं होतं, तेल लागलं होतं, आणि ती अजून कोमट होती. तिनं ती मुठीत घेतली. जिंकल्यासारखं वाटेल अशी तिची खात्री होती. तसं वाटलंही, पण तिची नजर पुन्हा पुन्हा फाटकाकडेच जात होती.

तिनं वही उघडली. चौदा शब्द होते तिथेच होते.

"बाई... मग बाबांना यातला कोणता लावायचा?"

बाहेर बायांचे आवाज येऊ लागले होते. काळमेघबाईंनी ओला पंचा पिळला आणि तिच्या अंगावर टाकला.

"आधी लाट्या झाक. उघड्या राहिल्या, की वरून कडक होतात."